दहा मीटरची वाट

अब्बांनी शुक्रवारच्या नमाजाला जाणं बंद केलं तेव्हा घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. २०२२ साल होतं, त्यांचं वय ७६. करोनाच्या काळात घरी नमाज पढायची सवय झाली होती, शिवाय गुडघे. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि विषय संपवला. अम्मीनं मात्र एकदा हळूच सांगितलं की, यांचा वुजू टिकत नाही. वुजू म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुऊन शुद्ध होणं. लघवीचा थेंब गेला तरी तो मोडतो आणि पुन्हा करावा लागतो. अब्बा एका नमाजासाठी तीन-तीनदा उठून मोरीकडे जात होते आणि अर्ध्या वाटेवर थांबत होते. ही गोष्ट त्यांनी अम्मीला सांगायला पाच महिने घेतले आणि अम्मीनं मला सांगायला आणखी दोन.

या सात महिन्यांचा हिशेब मी पुढे डॉक्टरांना दिला, तेव्हा ते म्हणाले, "बहुतेक घरांत एवढेच जातात. कधी जास्तही."

मी कवी माणूस, शिक्षणानं मराठीचा बी.ए. मेंदूविषयी बोलण्याचा माझा अधिकार इतकाच, की एका म्हाताऱ्या माणसाच्या पावलांमागे मी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे कळलं ते सांगतो. ते सांगावंसं वाटतं, कारण 'वय झालं' या दोन शब्दांखाली आपण जे काही ढकलून देतो, त्यात क्वचित एखादा असा आजारही असतो, ज्यावर उपाय आहे.

अब्बा ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये फिटर होते. जुन्या जीआयपी रेल्वेनं विजेच्या गाड्यांसाठी उभारलेलं हे वीजघर बंद पडून आता कितीतरी वर्षं झाली, पण ठाकुर्लीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना त्याची धुराडी आठवत असतील. बॉयलर, पाइप, व्हॉल्व्ह, प्रेशरचा काटा यांत अब्बांचं आयुष्य गेलं. त्यांची चाल झपाझप. शिफ्टला उशीर झाला म्हणून त्यांना कधी पळताना पाहिलं नाही, कारण चालणंच पळण्यासारखं. तेच अब्बा स्टेशनच्या पुलावर एके दिवशी पायरीशी खिळून उभे राहिले. मागून लोकलची गर्दी उतरत होती, लोक धक्के देत, चडफडत पुढे जात होते, आणि अब्बा मला म्हणाले, "अरे, पाय उचलतच नाहीये. जमिनीनं धरून ठेवलाय."

ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. डॉक्टरांच्या भाषेत या चालीला 'चुंबकी चाल'च म्हणतात, हे मला दीड वर्षानं कळलं. पावलं छोटी, दोन पायांत अंतर जास्त, तळवा जमिनीवरून उचलला न जाता घासत पुढे जातो. आणि वळताना खरी पंचाईत. तुम्ही-आम्ही दोन-तीन पावलांत मागे वळतो. अब्बा जागच्या जागी नऊ-दहा छोटी पावलं टाकून घड्याळाच्या काट्यासारखे फिरायचे.

आधी एका डॉक्टरांनी गुडघ्यांवर उपचार केले. दुसऱ्यांनी पार्किन्सनच्या गोळ्या दिल्या. मी त्यांना दोष देत नाही. दोन्ही आजारांत पावलं छोटी होतात, माणूस मंद होतो. पण पार्किन्सनमध्ये बहुधा हात चालताना हलायचे थांबतात, पाय जवळजवळ पडतात, पुष्कळांना कंप असतो. अब्बांचे हात चालताना व्यवस्थित हलत होते, कंप नव्हता आणि चार महिने गोळ्या घेऊनही काडीचा फरक नव्हता. मग विसरणं सुरू झालं. नावं आठवायची, पण बोलणं मंदावलं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतक्या उशिरा यायचं की तोवर आपण दुसरा प्रश्न विचारलेला असे. नमाजात किती रकात झाल्या हे त्यांना उमगेना. नातेवाइकांनी निदान करून टाकलं, स्मृतिभ्रंश.

चाल बिघडणं, लघवीवरचा ताबा सुटणं आणि बुद्धी मंदावणं या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, त्यातही चाल सर्वांत आधी बिघडली, तर डॉक्टरांच्या मनात एक शंका यावी लागते. मेंदूत पाणी साठलंय का? या आजाराचं नाव 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस', म्हणजे दाब नेहमीइतकाच, तरी मेंदूत पाणी जास्त.

आपल्या मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा निर्मळ द्राव तयार होतो, मेंदूच्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या भोवती फिरतो आणि पुन्हा रक्तात शोषला जातो. कोणत्याही क्षणी तो असतो साधारण १५० मिलिलिटर, कपभर चहाएवढा, पण दिवसभरात तयार होतो अर्धा लिटर. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनदा बदललं जातं. कधी डोक्याला मार लागल्यानं, कधी मेंदूतल्या रक्तस्रावानं किंवा मेंदूज्वरानंतर आणि म्हातारपणी पुष्कळदा काहीही कारण न सापडता हे शोषण मंदावतं. पोकळ्या फुगत जातात. पायांकडे आणि मूत्राशयाकडे हुकूम नेणारे मज्जातंतू या पोकळ्यांच्या कडेनं जातात. ते ताणले जातात म्हणून आधी पाय आणि मग लघवी बिघडते, असं मानलं जातं.

आता गंमत ऐका. हा आजार जगापुढे आणणाऱ्या डॉक्टरांचं आडनाव हकीम! दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाचे सालोमोन हकीम. आई-वडील लेबनॉनहून तिकडे गेलेले. अब्बांना हे सांगितलं तेव्हा किती तरी दिवसांनी ते हसले. १९५७ साली बोगोटा शहरात मोटार अपघातात सापडलेला १६ वर्षांचा मुलगा हकीमांकडे होता. त्याच्या मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या होत्या, पण पाण्याचा दाब मोजला तर नेहमीइतकाच. अशा वेळी 'हा तो आजार नव्हे' म्हणून फाईल बंद करायची पद्धत होती. हकीमांनी तपासणीसाठी म्हणून त्याच्या पाठीतून १५ मिलिलिटर पाणी काढलं आणि न बोलणारा तो मुलगा दुसऱ्या दिवशी बोलू लागला. काही दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा झाला. पुन्हा पाणी काढलं, पुन्हा सुधारला. हे कोडं हकीमांनी सोडलं नाही. १९६४ साली त्यांनी आपला प्रबंध लिहिला आणि १९६५ मध्ये बॉस्टनच्या रेमंड अ‍ॅडम्स यांच्यासह ते वैद्यकीय नियतकालिकांत मांडलं.

दाब नेहमीइतका आणि तरीही त्रास, हे कसं? हकीमांना पदार्थविज्ञानाचं वेड होतं. त्यांचं म्हणणं असं की, दाब तोच असला तरी पोकळीचा पृष्ठभाग वाढला की भिंतीवरचा एकूण जोर वाढतो. मला हे समजायला वेळ लागला. अब्बांना नाही. "बॉयलर मोठा झाला की काटा तेवढंच दाखवतो, पत्र्यावरचा जोर वाढतो," ते सावकाश म्हणाले. ज्या माणसाला स्मृतिभ्रंश झाला असं आम्ही धरून बसलो होतो, त्याचं हे वाक्य. अर्थात हकीमांच्या स्पष्टीकरणावर सगळ्या तज्ज्ञांचं एकमत नाही. आजार का होतो, याचा शोध अजून चालूच आहे.

तपासणीची पहिली पायरी अर्थातच डोक्याचा फोटो. हकीमांच्या काळी पाठीतून हवा सोडून क्ष-किरणांनी पोकळ्या पाहायचे. रोग्याचे अतोनात हाल व्हायचे. १९७१ साली लंडनजवळ विम्बल्डनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा रोग्याच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला आणि हे हाल संपले. आज सीटी किंवा एमआरआय डोंबिवली-कल्याणलाही होतो. त्यात डॉक्टर एक सोपं गुणोत्तर काढतात. पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची सर्वांत जास्त रुंदी भागिले त्याच फोटोत कवटीच्या आतली सर्वांत जास्त रुंदी. उत्तर ०.३ च्या वर गेलं तर पोकळ्या मोठ्या झाल्या असं धरतात. हे माप एव्हान्स नावाच्या डॉक्टरांनी १९४२ साली, त्या हवेच्या फोटोंवरून सुचवलं होतं. यंत्रं बदलली, पट्टी तीच राहिली.

पण इथेच गफलत होते. म्हातारपणी मेंदू आकसतो. आकसला की पोकळ्या आपोआप मोठ्या दिसतात, जसं घरातलं सामान कमी झालं की खोली मोठी वाटते. अब्बांच्या पहिल्या स्कॅनच्या अहवालात एवढंच होतं, 'वयोमानानुसार मेंदूचा संकोच'. तो कागद आम्ही वर्षभर कपाटात ठेवला. पुढे मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी नवा एमआरआय खिडकीसमोर धरला आणि मला बोटानं दाखवलं. मेंदू नुसता आकसला असता तर माथ्याजवळच्या वळ्यांमधल्या फटीही रुंद झाल्या असत्या. इथे त्या दाटून बंद झाल्या होत्या आणि कानाच्या वरच्या बाजूची मोठी फट मात्र पाण्यानं भरलेली. दोन पोकळ्यांच्या मधला वरचा कोनही अरुंद झालेला, नव्वद अंशांच्या आत. "हे आकसणं नाही, हे दाटणं वाटतंय," ते म्हणाले. मग लगेच पुढे, "पण फोटोवर मी ऑपरेशन करत नाही. आधी यांना चालताना बघू."

दुसरी परीक्षा म्हणजे पाठीतलं पाणी काढून बघणं. हकीमांच्या त्या मुलाची गोष्ट तीच, फक्त आता मोजून-मापून. लोक याला फार घाबरतात. पाठीत सुई म्हणजे लुळेपण, ही समजूत आमच्याही घरात होती. खरं तर मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली, दोन मणक्यांच्या मध्ये जाते, तीही जागा बधिर करून. आधी स्कॅन झालेला असावा लागतो, कारण मेंदूत गाठ वगैरे असेल तर पाणी काढणं धोक्याचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगावं लागतं. आपल्या मनानं त्या बंद करायच्या नाहीत.

सुईच्या आधी मात्र एक तास चालण्याचाच कार्यक्रम झाला. रुग्णालयाच्या बोळात फिजिओथेरपीच्या बाईंनी फरशीवर चिकटपट्टीनं दोन खुणा केल्या, मधलं अंतर दहा मीटर. हातात घड्याळ. अब्बांना २४ सेकंद लागले आणि ३१ पावलं. वळायला नऊ पावलं. मग खुर्चीवरून उठा, तीन मीटर जा, वळा, परत येऊन बसा. मोबाइलवर चित्रफीत घेतली. मग कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, महिने उलटे म्हणायला लावले. अब्बा ऑगस्टला अडकले. मी मागून "शाब्बास, चला" म्हणत होतो, तर बाई माझ्यावरच रागावल्या. "काका, तुम्ही गप्प बसा. आत्ता उत्साह दिलात आणि नंतर दिला नाहीत, तर माझी परीक्षा खोटी ठरेल." नंतरच्या फेरीलाही त्याच चपला हव्यात, हेही त्यांनी बजावलं.

मग अब्बांना कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. दाब मोजला, १४ सेंटिमीटर. साधारण वीसपर्यंत ठीक समजतात, म्हणजे काटा खरंच काही बोलत नव्हता. मग ४० मिलिलिटर पाणी काढलं. साधारण ३० ते ५० काढतात. थेंब थेंब पडायला वेळ लागतो. थोडं प्रयोगशाळेत जातं, जंतुसंसर्ग वगैरे नाही ना हे बघायला. कुणाकुणाचं डोकं नंतर दुखतं, अब्बांचंही दुखलं.

तीन तासांनी पुन्हा तोच बोळ, त्याच चपला. मी तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकून उभा होतो. १५ सेकंद. १९ पावलं. वळायला पाच. आकडे बाईंनी लिहून घेतले, चेहऱ्यावर काही न दाखवता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं, १४ सेकंद. आठवड्याभरात सगळं मूळ पदावर आलं, कारण पाणी पुन्हा साठलं. ते परत बिघडणंही पुराव्याचाच भाग होता, पण घरातल्यांना ते सोसवत नाही. हरवलेला माणूस दोन दिवस येऊन गेल्यासारखं झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पाणी काढल्यावर चाल सुधारली तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. पण सुधारली नाही, तर आजार नाहीच असं ठरत नाही. एकदा थोडं पाणी काढून फरक न पडलेले कित्येक रोगी पुढे ऑपरेशननं सुधारलेले आहेत. शंका दाट असेल तर रुग्णालयात ठेवून कमरेत बारीक नळी घालतात आणि साधारण तीन दिवस तासाला दहा मिलिलिटरच्या आसपास पाणी काढत राहतात, आणि पुन्हा चालवून बघतात. यात जंतुसंसर्गाचा धोका अधिक, म्हणून हे सरसकट करत नाहीत. एका सुईवर 'नाही' म्हणून फाईल बंद होत असेल, तर पुढची परीक्षा करायची का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

हा आजार किती लोकांना असतो? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका पाहणीत सत्तरीतल्या लोकांत हजारात दोघांमध्ये आणि ऐंशीच्या पुढे शंभरात जवळजवळ सहांमध्ये तो असण्याची दाट शक्यता आढळली. म्हणजे प्रत्येक विसरभोळ्या आजोबांच्या डोक्यात पाणी नाही. बहुतेकांना दुसरंच काही असतं. अल्झायमर, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार, मानेच्या मणक्यात दबलेली नस, मधुमेहानं बधिर झालेले पाय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड. यातले दोन एकाच माणसात असू शकतात आणि मग ऑपरेशनचा फायदाही अर्धामुर्धाच होतो.

उपचार म्हणजे शंट. डोक्यातल्या पोकळीपासून कातडीखालून पोटापर्यंत एक बारीक नळी, मध्ये व्हॉल्व्ह. जादा पाणी पोटात उतरतं आणि तिथे शोषलं जातं. आपल्या देशात उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारा 'छाब्रा शंट' स्वस्त आहे आणि आफ्रिकेतही जातो. बाहेरून चुंबकी यंत्रानं दाब कमी-जास्त करता येणारे व्हॉल्व्ह महाग. त्यातला एक हकीमांच्याच नावाचा, त्यांचा मुलगा कार्लोस यानं घडवलेला. परळचं केईएम, शीव आणि नायर ही महापालिकेची आणि भायखळ्याचं जे.जे. हे सरकारी, अशा मोठ्या रुग्णालयांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. ठाकुर्लीला फक्त धीमी गाडी थांबते. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना दुपारची गाडी धरावी, एवढं माझं अनुभवाचं सांगणं.

शंटचे धोके आहेत. नळी तुंबते, जंतुसंसर्ग होतो, पाणी फार वेगानं उतरलं तर मेंदूवर रक्त साचू शकतं. आणि हा उपाय खरंच चालतो का, ही शंका डॉक्टरांनाही होती. त्याचं उत्तर २०२५ साली आलं. ९९ रोग्यांना शंट बसवले, निम्म्यांचे व्हॉल्व्ह चालू ठेवले आणि निम्म्यांचे जवळजवळ बंद. कुणाचा चालू, कुणाचा बंद, हे रोग्याला ठाऊक नाही. तीन महिन्यांनी चालू व्हॉल्व्हवाल्यांच्या चालण्याचा वेग स्पष्ट वाढला होता, दुसऱ्यांचा जवळजवळ नाही. मात्र स्मरणशक्ती आणि लघवी यांत तेवढ्या काळात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. हे सगळे रोगी पाणी काढल्यावर सुधारलेले, म्हणजे परीक्षा आधी पास झालेले होते. अब्बांचं ऑपरेशन २०२४ मधलं, त्यामुळे हा निकाल आम्ही नंतर वाचला. घरात जे दिसत होतं तेच त्यात लिहिलं होतं.

तुमच्या घरी अशी शंका आली, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत घ्या, समोरून येताना, जाताना आणि विशेषतः वळताना. दवाखान्यात डॉक्टरांपुढे म्हातारी माणसं उसनं बळ आणून चार पावलं नीट टाकतात. चाल आधी बिघडली की विसरणं आधी, याची तारीख-वार आठवण करून ठेवा. आणि लघवीचं विचारा. एकट्यात, हळू आवाजात. मुलानं विचारलेलं अवघड जात असेल तर दुसऱ्या कुणी विचारावं. आमच्या घरी ते जावयानं विचारलं असतं तर कदाचित सात महिने वाचले असते, असं अम्मी अजूनही म्हणते.

अब्बांच्या पाकिटात रेल्वेच्या पासशेजारी आता एक छोटं कार्ड असतं, व्हॉल्व्हचं नाव आणि तो कितीवर लावलाय त्याचं. एमआरआय काढायचा झाला तर आधी ते दाखवायचं आणि नंतर व्हॉल्व्ह तपासून घ्यायचा, कारण तगड्या चुंबकानं त्याचा आकडा सरकू शकतो. मागच्या महिन्यात पुन्हा बोळात चालवलं, १५ सेकंद. लघवीची घाई आहे, पण मोरीपर्यंत पोहोचतात. महिने उलटे म्हणताना अजून ऑगस्टलाच अडकतात. शुक्रवारी मी त्यांना रिक्षानं मशिदीत नेतो. घरच्या नमाजाला मात्र माझी मुलगी त्यांच्या खुर्चीशेजारी बसते आणि प्रत्येक रकातीला त्यांच्या समोर एक खजुराची बी ठेवते.